वाटीभर शून्य

हा लेख मी लिहावा की नाही, यावर घरात मतभेद आहेत. बायकोचं म्हणणं, लिहा, कोण वाचतंय. मुलीचं म्हणणं, लिहा, पण माझं नाव घालू नका. माझं स्वतःचं म्हणणं असं, की दिवाळी अंकात लिहिणारी माणसं वेगळी असतात. त्यांनी काहीतरी शोधलेलं, उभारलेलं, निदान बुडवलेलं तरी असतं. माझ्या हातून यांतलं काही झालं नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. त्यामुळे आपण तोंड उघडलं की कोणीतरी उठून ‘तुम्हाला कोणी विचारलं’ म्हणेल, ही धास्ती मला वर्गात होती, प्रयोगशाळेत होती आणि हे लिहितानाही आहे. वाचकांनी आधीच क्षमा करावी. वाचून झाल्यावर पुन्हा करावीशी वाटली तर तीही करावी.

आमचे बाबा वाशीमकडून पोट भरायला पुण्यात आले आणि मार्केट यार्डात हमाल झाले. मी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालो तेव्हा त्यांनी गाळ्यावर पेढे वाटले. मायक्रोबायॉलॉजी म्हणजे काय, हे लोक त्यांना विचारत. मलाही ते सोप्या शब्दांत सांगता येईना, म्हणून ‘पोरगा डॉक्टरच्या खालोखाल झाला’ असं त्यांनी ठरवून टाकलं. ते दिवसच वेगळे होते. वर्गातली निम्मी मुलं संगणकाचे कोर्स करत होती. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे संगणक बंद पडणार होते आणि ते वाचवायला आमच्या बॅचमधली बरीच मंडळी अमेरिकेला निघाली होती. जग वाचवायला मला कोणी बोलावलं नाही. मला परचुरे मॅडमच्या प्रकल्पात संशोधन साहाय्यकाची जागा मिळाली आणि पहिल्याच सोमवारी मॅडम म्हणाल्या, “वानखेडे, कोंबड्या घेऊन या.”

मला वाटलं, ही पुणेरी थट्टा असावी. ती नव्हती.

कोंबड्यांचं काय काम, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शेतात, कणगीत, गोठ्यात पूर्वी बीएचसी नावाची पावडर सर्रास वापरत. पुढे तिच्यावर बंदी आली. पण या जातीच्या विषांचा गुण असा की ती संपत नाहीत. पाण्यात विरघळत नाहीत, उन्हाने मरत नाहीत, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. चरबीत मात्र त्यांना फार करमतं. चाऱ्यातून म्हशीत, म्हशीच्या चरबीत, तिथून दुधाच्या सायीत, आणि साय कोण खातं ते मी सांगायला नको. ही विषं मोजायला मोठं परदेशी यंत्र लागतं. आमच्याकडे ते नव्हतं. दुसऱ्या शहरातल्या ज्या संस्थेकडे आम्ही नमुने पाठवत असू, तिथे रेशनच्या दुकानासारखी रांग होती. फरक इतकाच की रेशनच्या रांगेत पुढची माणसं दिसतात.

मॅडमची कल्पना अशी, की यंत्राला विचारण्याऐवजी जीवाला विचारावं. अंगात परकी वस्तू शिरली की शरीर तिच्यासाठी खास पहारेकरी तयार करतं. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. प्रत्येक पहारेकरी एकच चेहरा ओळखतो, पण पक्का ओळखतो. अडचण ही, की आमचं विष इतकं बारीक की शरीराचं त्याच्याकडे लक्षच जात नाही. म्हणून ते एका भल्यामोठ्या प्रथिनाला चिकटवायचं आणि मग टोचायचं. लग्नघरात एकट्या माणसाकडे कोणी बघत नाही, तोच घोड्यावर बसला की सगळे बघतात, तसं. सशाला टोचलं तर पहारेकरी मिळवायला त्याचं रक्त काढावं लागतं. कोंबडी तेच पहारेकरी अंड्याच्या बलकात भरून सकाळी आपण होऊन देते, वर ओरडून सांगतेही.

मी लोणी काळभोरकडच्या एका पोल्ट्रीतून कोंबड्या आणल्या आणि विभागामागच्या सायकल स्टँडला जाळी मारून त्यांचं बिऱ्हाड थाटलं. बाबा एकदा माझी प्रयोगशाळा बघायला आले. इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मी नेमका कोंडा कालवत होतो. ते हळूच म्हणाले, “एवढा शिकला अन् कोंबड्याच राखून राह्यला का रे?” मी त्यांना प्रतिपिंडं समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाण्याचं भांडं उन्हात आहे, ते सावलीत ठेव, असं सांगून ते निघून गेले. गाळ्यावर त्यांनी काय सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही.

बलकातून पहारेकरी वेगळे काढायला मी यथावकाश शिकलो. नंतर चाचणी. एका प्लास्टिकच्या ताटलीत बोराएवढे खळगे असतात. त्यांच्या तळाशी पहारेकरी बसवायचे. वर दुधातून काढलेला अंश घालायचा आणि त्याबरोबर रंग देणारा आमचा स्वतःचा रेणू. दोघांना चिकटायला जागा त्याच. दुधात विष असलं की ते जागा अडवतं आणि रंगवाल्याला जागा उरत नाही. बसमध्ये आधीच्या स्टॉपवर किती गर्दी चढली हे मोजावं लागत नाही, आपल्याला बसायला मिळालं की नाही यावरून ते कळतं. म्हणजे हिशेब उलटा. खळगा गडद पिवळा झाला तर दूध चांगलं, फिका राहिला तर वाईट. हे मी इतक्या लोकांना समजावलं आणि इतक्या लोकांनी ते उलटंच लक्षात ठेवलं, की दोष लोकांचा नसावा.

आता शून्याकडे येतो. वजनकाटा आधी शून्यावर आणावा लागतो. तसं आमच्या चाचणीलाही ज्यात विष मुळीच नाही असं दूध हवं होतं, म्हणजे त्याच्या रंगाशी बाकीचे ताडून बघता आले असते. मला वाटलं, यात काय अवघड आहे. मी कोपऱ्यावरच्या दुकानातली पिशवी आणली. फिका रंग. दुसऱ्या दुकानातली आणली. तेच. ओळखीच्या गवळ्याचं आणलं, एका आश्रमातल्या गाईचं आणलं. कात्रजचा घाट ओलांडून एका धनगराच्या शेळीचं आणायला गेलो, तर शेळीने माझ्या पिशवीतली बाटलीची बुचं खाल्ली. दूध मिळालं, तेही पुरतं पिवळं झालं नाही. मॅडम माझ्या ताटल्या खिडकीच्या उजेडात धरून बघत आणि खाली ठेवत. शेवटी एक दिवस म्हणाल्या, “अहो वानखेडे, शून्य आपल्या देशाने शोधलं म्हणतात. तुम्हाला वाटीभर सापडेना?”

शेजारच्या टेबलावर काम करणारी वैशाली नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परत आली होती. माझी धावपळ बघून तिने एके दिवशी स्वतःचंच दूध छोट्या बाटलीत आणून दिलं. म्हणाली, याच्याहून शुद्ध काय असणार. त्या दिवशीचा सगळ्यात फिका खळगा तिचा निघाला.  ती म्हणाली, “म्हणजे मी नापास.” मॅडमनी हातातलं काम टाकून तिला आत नेलं आणि समजावलं. माणूस सगळ्यांचं खातो, म्हणून सगळ्यांचं त्याच्यात साठतं. जगातल्या प्रत्येक आईच्या दुधात हे थोडंफार असतं आणि तरीही बाळाला त्याहून चांगलं काही नाही. वैशाली पाजत राहिली. पण त्यानंतर शून्यावरून विनोद करायचं आम्ही बंद केलं.

मॅडमनीच शेवटी मार्ग काढला. शून्य मिळत नसेल तर शून्य मागू नका, म्हणाल्या. दोन दुधांतलं जास्त वाईट कोणतं, एवढं सांगता आलं तरी पुष्कळ. मला हे जरा कमीपणाचं वाटलं. अमेरिकेतले मित्र अख्खे संगणक सुधारत होते आणि मी फक्त तुलना करणार होतो.

अशात एका सकाळी कौसाआक्का आली. लोणी काळभोरजवळच्या एका वस्तीवर बायकांचं दूध संकलन केंद्र होतं, ते ती चालवत असे. हातात किटली, डोक्यावर पदर, आणि चेहऱ्यावर असं काही की आमच्या शिपायाने तिला न अडवता आत सोडलं. कोणीतरी तिला सांगितलं होतं की इथे दूध तपासतात. तिला आधी दिसल्या त्या कोंबड्या. तिने मला विचारलं, “ह्या तपासत्यात व्हय?”

मी म्हटलं, एका परीने.

तिची अडचण सरळ होती. बाजार खुला झाल्यावर परदेशात भुकटी पाठवणारी एक कंपनी त्यांचं दूध घेऊ लागली होती. भाव चांगला होता. मग कंपनीच्या तपासणीत वस्तीचं दूध अडकलं. विष कुठून येतंय ते शोधून बंद करा, नाहीतर केंद्र बंद, असं सांगून कंपनीचा गाडीवाला मोकळा झाला. कुठून म्हणजे कुठून, ते कोणी सांगेना. चारा, पाणी, पेंड, की म्हैस? एकेक नमुना यंत्रावर पाठवायचा तर केंद्रातल्या बायका म्हाताऱ्या झाल्या असत्या. हे केंद्र सुरू झाल्यापासून वस्तीतल्या बायकांना घरात कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता. ते गेलं तर काय जाणार होतं, हे तिने मला सांगितलं नाही, आणि मला विचारावंही लागलं नाही. माझी आई यार्डात कांदे निवडायला जात असे.

मी तिच्यासमोरच चाचणी लावली. रंग चढला. बाकीचे खळगे पिवळे, तिच्या दुधाचा जवळजवळ पाण्यासारखा. आक्काचा चेहरा उजळला. “आमचं बगा कसं निर्मळ आलंया,” ती म्हणाली. ते उलटं असतं हे मला तिला सांगायचं होतं. मी ‘तसं नाही, म्हणजे तसं आहे, पण’ अशी सुरुवात केली. ते वाक्य पुरं व्हायला किती वेळ लागला कोण जाणे, पण माझ्या तोंडाकडे बघूनच तिला काय ते कळलं.

मग मी वस्तीवर जाऊ लागलो. प्रत्येक म्हशीचं दूध वेगळं, प्रत्येक गोठ्यातली पेंड वेगळी, विहिरीचं पाणी, कडबा, गवत. हमालाचा मुलगा म्हणजे गावाकडचा असणार, असा बायकांचा समज होता. मी म्हशीच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसलो तेव्हा तो मिटला. माझा चष्मा शेणातून काढून, धुऊन, पदराला पुसून मला परत देण्यात आला. ‘सायेब कोंबड्यांचं हायेत, म्हशीचं न्हाईत,’ असं एक आजी दुसरीला समजावत होती.

चारा बरा निघाला. पाणी बरं. पेंड बरी. म्हशीही बऱ्याचशा बऱ्या. तीन तेवढ्या फिक्या आल्या आणि त्यांत सगळ्यात फिकी आक्काची यमुना. तोच चारा, तेच पाणी, तीच विहीर. आमच्या चाचणीतच काहीतरी घोटाळा आहे अशी माझी खात्री झाली. अशी खात्री मला लवकर होते.

थंडीच्या दिवसांत एकदा भल्या सकाळी गेलो, तेव्हा यमुनेच्या अंगावर झूल होती. गोणपाटाची, दुहेरी, काठाला लाल चिंधीची शिवण. बाकी म्हशी उघड्या होत्या. आक्का म्हणाली, ही थंडीला हळवी, म्हणून मीच शिवली. आणखी दोघींनी तिचं बघून आपापल्या म्हशींना शिवल्या होत्या. गोणपाट आठवडी बाजारातलं, जुनं बारदान. त्याआधी त्या पोत्यांतून काय काय वाहिलं गेलं होतं, ते कोणाला ठाऊक असणार? यमुना उभ्या उभ्या मान वळवून झुलीचा काठ चाटत होती. मी कोपऱ्याचा एक तुकडा कापून मागितला. संध्याकाळी ताटलीत त्या तुकड्याच्या खळग्यात रंगाचा टिपूससुद्धा चढला नाही.

पुढच्या खेपेला मी विष झुलीतच असल्याचं सांगितलं, तेव्हा आक्का खाली बसली. जिच्यावर जास्त जीव, तिलाच दुहेरी झूल.  झुली त्याच दिवशी गोठ्यांतून गेल्या.

पण विष गेलं नाही. ते म्हशीच्या चरबीत होतं आणि तिथून बाहेर पडायची त्याची मुख्य वाट म्हणजे दूध. म्हणजे यमुनेचं दूध काढत राहायला हवं, महिनोन्महिने. बाकीच्या दोन म्हशी त्यांच्या मालकिणींच्या नवऱ्यांनी गुपचूप बाजारात नेऊन विकल्या. उरलेल्या म्हशींच्या दुधावर केंद्र तगलं. यमुनेलाही विक, असं सगळे आक्काला सांगत होते. ती म्हणाली, घाण दुसऱ्याच्या दावणीला बांधून मी धुतल्या हाताची हुनार व्हय? आणि मला विचारलं, “पर भाऊ, काढल्याल्या दुधाचं करू काय?”

 मी मॅडमना विचारलं.  त्या म्हणाल्या, “ओतून द्यायला सांगा. आणि हे तुम्ही जाऊन सांगा. फोनवर नको.”

ज्या घरात चुलीवर उतू गेलेल्या दुधालाही बाई हात जोडते, तिथे जाऊन मी हे सांगायचं होतं. मी गेलो आणि माझ्या पद्धतीने सांगितलं, म्हणजे बहुधा, कदाचित, आमच्या अंदाजाप्रमाणे, असे शब्द वापरत. हेही सांगितलं, की आक्का, आमच्या चाचणीला अजून शून्य नाही. यंत्रावर ताडून बघितलेलं नाही.

“म्हंजी चुकत आसंल?”

“असू शकेल.”

“मग ओतू का नगं?”

तेवढ्या एका वेळी मी ‘कदाचित’ म्हटलं नाही. ओता, म्हणालो. 

आक्काने मळ्याच्या कडेला, विहिरीपासून लांब खड्डा खणून घेतला. रेडकाला दुसऱ्या म्हशीचं लावलं. शेजारपाजारी यमुना आटली असं सांगितलं, नाहीतर लोकांनी तिला वेड्यात काढलं असतं. मी एकदा तिला ओतताना पाहिलं. किटली खाली ठेवून तिने आधी हात जोडले आणि ओतताना तोंड दुसरीकडे केलं.

इकडे मी यमुनेच्या दुधाचा अगदी पहिला नमुना आणि बाकीच्या म्हशींचे नमुने शीतकपाटातून काढून यंत्राच्या रांगेत पाठवले. मग वाट बघणं आलं. एसटीडी बूथवरून मी त्या संस्थेत फोन करत असे आणि पलीकडचे गृहस्थ दर वेळी ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणत. आमच्या ताटलीत यमुनेचा खळगा महिन्यागणिक जरासा पिवळा होत होता. पण चाचणीच मुळात चुकीची असेल तर पिवळ्याला तरी काय अर्थ? एका परिषदेत मी हे काम मांडलं. समोरच्या एका ज्येष्ठांनी चष्मा काढून विचारलं, “तुमचं शून्य कुठे आहे?” सभागृह हसलं. मीही हसलो, कारण नेमकं केव्हा हसायचं नाही ते मला कळत नसे. माझ्या डोळ्यांपुढे तो खड्डा होता. उद्या यंत्राने सांगितलं की यमुनेचं दूध बाकीच्यांसारखंच होतं, तर त्या बाईला जाऊन काय सांगायचं, ते शब्द मी रोज जुळवत होतो. ते काही जुळले नाहीत.

मग प्रकल्पाची मुदत संपली. मुदतवाढ नाकारली गेली. त्याचं कारण शून्य हेच होतं, पण पत्रात ते अधिक सभ्य शब्दांत होतं. मी एका औषध कारखान्याच्या तपासणी विभागात लागलो. सायकल स्टँडवर पुन्हा सायकली आल्या. मॅडमनी निवृत्तीच्या दिवशी आम्हा सगळ्यांना उपमा दिला. त्यांच्या घरी अंडं चालत नसे, हे मला त्या दिवशी कळलं.

यंत्राचा निकाल त्यानंतर आला. मॅडमनी मला कारखान्यावर फोन करून घरी बोलावून घेतलं आणि तो वाचायला दिला. दोन्ही कागद शेजारी ठेवले होते, यंत्राचा आणि आमच्या ताटल्यांचा. आकडे सारखे नव्हते. नेमके आकडे सांगणं आमच्या हाती कधीच नव्हतं. पण क्रम तोच होता. सगळ्यात वर यमुना, खाली त्या विकलेल्या दोघी, मग एका अंतराने बाकीच्या, एकही जागा इकडची तिकडे नाही. मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे.” त्यांच्या तोंडून हे मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं.

मी रविवारी पहिल्या बसने वस्तीवर गेलो. आक्का यमुनेची धार काढत होती. मी उभ्या उभ्याच कागद काढला आणि तोंडी परीक्षेला बसल्यासारखा सगळा वाचून दाखवला. तिने धार न थांबवता ऐकलं. मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी विचारलं, “आक्का, मलाच खात्री नव्हती. तू कशाच्या भरवशावर एवढं दूध ओतलंस?”

“तुमी भीत भीत सांगिटलं म्हून,” ती म्हणाली. “ठासून सांगणारं लय येत्यात हितं.”

ती उठली. चरवी घेऊन गोठ्याबाहेर गेली आणि दारात ठेवलेल्या केंद्राच्या कॅनमध्ये ते दूध ओतलं. मी बघतच राहिलो. तेव्हा तिच्या ध्यानात आलं असावं. पदराने हात पुसत ती म्हणाली, “कंपनीनं तपासून घेटलं की ओ. हिचं दूध जायला लागून आठवडा झाला. तुमास्नी सांगायचं ऱ्हाऊनच गेलं.”